हव्वाबीचे दोन किलो

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या ज्या बिल्डिंगीत हव्वाबी राहते, तिथल्या कुणा कोकणी माणसाने गावाचं तिकीट काढलं की ती खबर त्याच्या बायकोच्या आधी हव्वाबीला लागते. कशी लागते, हे कोडं आजवर कुणाला सुटलेलं नाही. माणूस लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकतो आणि समोर हव्वाबी उभी असते. वय सदुसष्ट, उंची जेमतेम पाच फूट, डोक्यावर पांढरी ओढणी आणि हातात सामान तोलायचा आकडेवाला काटा. सलाम होतो, पोराबाळांची चौकशी होते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "बॅगेत दोन किलो जागा आहे ना?"

नाही म्हणायची सोय नाही. एकाने एकदा "खाला, बॅग गच्च भरलीय" असं म्हणून पाहिलं होतं. हव्वाबी त्याच्या घरी गेली, बॅग पलंगावर पालथी केली, त्यातून शांपूच्या तीन बाटल्या आणि सासऱ्यासाठी घेतलेले जड बूट बाजूला काढले, सगळं पुन्हा घडी घालून भरलं आणि दोनाच्या जागी चार किलो काढून दाखवले. तो माणूस अजून तिला बघून जिन्याने जातो.

पैसे ती मागत नाही. इथे वर्गणी गोळा करायची तर परवाना लागतो आणि तो नसताना दारोदार हिंडणं म्हणजे आपल्या पायांनी चौकीत जाऊन बसणं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. सदतीस वर्षांत तिने कुणाकडून एक दिरहम घेतलेला नाही. किलो मागायलाही परवाना लागतो असं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही आणि सांगायला जाईल अशी कुणाची छाती नाही.

हे किलो जातात सावरखाडीला. म्हसळ्याच्या अलीकडे, खाडीला लागून असलेलं तिचं माहेर. तिथे कुणाला काय हवंय, कुणाच्या घरी चूल थंडावलीय, कुणाला चष्मा लागलाय आणि तो सांगत नाहीये, याची यादी तिच्या डोक्यात असते. कागदावर ती कधी उतरत नाही. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

हव्वाबी लहान होती तेव्हा सावरखाडीत मुठीचा रिवाज होता. दोन वेळचा तांदूळ शिजवायला घेताना प्रत्येक घरची बाई त्यातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. जुम्याला जमातीचा माणूस पोतं घेऊन घरोघर जायचा, मडकी रिती करायचा आणि ज्या घरात कमावता हात नसेल त्या घरी ते पोतं पोचतं व्हायचं. पेन्शन, योजना, अनुदान हे शब्द खाडी ओलांडून गावात यायच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलेलं. हव्वाबीचा बाप गलबतावर गेला तो परतलाच नाही आणि सहाव्या वर्षापासून ती त्या पोत्यावर वाढली.

पोट भरलं, त्याबद्दल तिची तक्रार नाही. पण चाळीस घरांच्या मुठी एका पोत्यात आल्या की त्यात लाल तांदूळ यायचा, पांढरा यायचा, उकडा यायचा, जुना यायचा, कणीही यायची. शिजवायला घेतला की कणीची पेज व्हायची तरी लाल तांदूळ दाताखाली खड्यासारखा लागायचा. शाळेत डबा उघडला की सगळ्यांना एका नजरेत कळायचं. एक दिवस शेजारच्या मुलीने डब्यात डोकावून, काही वाईट मनात नसताना, सहज म्हटलं, "मुठीचा भात." हव्वाबीने डबा मिटला. त्या दिवशी ती उपाशी राहिली आणि साठ वर्षं झाली तरी ते दोन शब्द तिच्या पोटात तसेच आहेत.

म्हणून तिचे कायदे आहेत. आपल्याकडून जाणारी वस्तू नवीकोरी आणि अख्खी दिसली पाहिजे, जमवलेली वाटता कामा नये. पुडक्यावर घेणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. बॅग वाहणाऱ्याला आत काय आहे ते उघडून दाखवायचं, पिशवी आरपार दिसणारी हवी, कारण विमानतळावर कुणी विचारलं तर त्याची त-त-प-प व्हायला नको. पण कुणासाठी आहे, हे फक्त त्याच्या कानात सांगायचं. आणखी एक कायदा खास घरातला. दोन प्रकारचे तांदूळ एका पातेल्यात कधीही जाता कामा नयेत. रात्रीचा बासमती उरला आणि सकाळचा उकडा उरला तर दोन वेगळी भांडी. नात इन्शा हसते, "दादी, इट्स जस्ट राइस," म्हणते, पण भांडी दोनच काढते.

अठ्ठ्याऐंशी साली हव्वाबी नवऱ्याच्या मागोमाग दुबईला आली आणि मीना बाजारातल्या एका दुकानात मागच्या खोलीत मशीनवर बसली. पहिल्या वर्षीच तिच्या लक्षात आलं की गावाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत कोपऱ्यात थोडी पोकळी राहते, तो तिथे उगाच दोन साबण जास्त कोंबतो. तिला मडक्यातली मूठ आठवली. झालं. दर शुक्रवारी ती अब्रा नावाच्या होडीत बसून खाडी ओलांडायची, देऱ्याला गावच्या माणसांच्या खोल्यांवर जायची, एकेका खोलीत बारा-बारा जण, आणि दारातूनच विचारायची, कोण चाललंय? तेव्हा ब्लँकेटं गेली, दुधाची पावडर गेली, बाळंतिणींसाठी खजूर गेला. पुढे गावात रेशन नीट मिळायला लागलं, विधवांना पेन्शन सुरू झाली आणि मागण्या बदलल्या. मग चष्मे गेले, दप्तरं गेली, साखर तपासायची यंत्रं गेली. नवरा गेला, मुलगा मोठा झाला, नात दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरीला लागली, हव्वाबीचं मशीन सुटलं, पण काटा काही हातातून सुटला नाही.

आणि मग या बकरी ईदेच्या तोंडावर आली फिझाची खुर्ची.

फिझा दहा वर्षांची, पायांत जन्मापासून जोर नाही, जिभेत मात्र भरपूर. गावातली शाळा चौथीपर्यंत. बाप खैरुद्दीन बोटीवर खलाशी, पण दोन वर्षं कामच मिळालं नव्हतं, त्यामुळे तो रोज तिला पाठीवर घेऊन शाळेत सोडायचा. आता फिझा पाचवीत जाणार होती. हायस्कूल दोन किलोमीटर लांब. आणि नेमकी खैरुद्दीनला बोट मिळाली. पंधरा जूनला, रविवारी पहाटे त्याला निघायचं होतं. शाळा सोमवारी उघडणार होती. आईच्या कडेवर धाकटं पोर, ती दहा वर्षांच्या मुलीला उचलणार कशी? सरकारी शिबिरातून एक खुर्ची मिळाली होती, पण ती मोठ्या माणसाची. फिझा तिच्यात बसली की घसरून खाली यायची. बदलून द्यायचा अर्ज तालुक्याला पोचला होता आणि तिथे निवांत बसला होता. सरळ हिशेब होता. रविवारच्या आत मापाची खुर्ची आली नाही तर फिझाची शाळा चौथीतच संपणार होती.

इन्शाच्या ऑफिसातल्या एका बाईंचा मुलगा मोठा झाला होता आणि त्याची लहानपणची खुर्ची घरात पडून होती. हलकी, काळी, चकचकीत, फिझाच्या अगदी मापाची. इन्शा ती गाडीत घालून घरी घेऊन आली तेव्हा हव्वाबीने खुर्चीभोवती तीन फेऱ्या मारल्या, काट्याला टांगून पाहिली आणि म्हणाली, "बारा किलो."

"कार्गोने पाठवू या ना, दादी."

"कार्गो महिन्याने पोचेल. तोवर पोरीची शाळा खलास." हव्वाबीने बाह्या मागे सारल्या. "पाना आण."

त्या रात्री जेवणं बाजूलाच राहिली. गालिच्यावर वर्तमानपत्रं पसरून आजी आणि नात खुर्ची सोडवत बसल्या. इन्शा प्रत्येक नट काढण्याआधी फोटो घेत होती. मोठी चाकं दोन, पुढची छोटी चाकं दोन, सांगाडा, पाय टेकायचे पायटे, गादी, आणि एका पुडीत नट-बोल्ट. हव्वाबी एकेक तोलत होती आणि तिच्या डोळ्यांत अशी चमक होती की इन्शाने फोन बाजूला ठेवून तिच्याकडेच बघितलं.

"धिस इज इन्सेन," ती म्हणाली. "पण मस्त आहे."

ईदेच्या सुट्टीला बिल्डिंगीतली निम्मी माणसं उडणार होती. एक मोठं चाक तिसऱ्या मजल्यावरच्या बाप-लेकांपैकी बापाला, दुसरं मुलाला. गादी आणि पायटे चिपळूणच्या अनिलला. पुढची छोटी चाकं आणि बोल्टची पुडी रफिकला. रफिक सावरखाडीचाच, सुपरमार्केटात ट्रॉल्यांची देखभाल करतो, चाकांमधलं त्याला कळतं. राहिला सांगाडा. तो बर दुबईच्या मनोरमाताईंनी घेतला. त्या मूळच्या साताऱ्याच्या, निवृत्त शिक्षिका, मीना बाजारातल्या मशीनच्या काळापासून हव्वाबीची मैत्रीण. त्यांचं तिकीट सगळ्यात शेवटी, बारा तारखेचं होतं. त्यांनी दोन साड्या बाहेर काढल्या, मोठ्या बॅगेत दुलईत गुंडाळून सांगाडा बसवला आणि म्हणाल्या, "साड्या काय, मुंबईला आणखी मिळतील."

प्रत्येकाच्या कानात हव्वाबीने नाव सांगितलं आणि वर बजावलं, तोंड बंद. कारण खैरुद्दीनने फोनवर एकच अट घातली होती. "तुम्हाला नाही म्हणत नाही, खाला. पण गावात चर्चा नको. माझी पोर वर्गात बसेल तेव्हा कुणी म्हणता कामा नये की ही आमच्या जिवावर बसलीय."

हव्वाबीला साठ वर्षांपूर्वीचा डबा दिसला. तिने त्याला जबान दिली.

चौदा तारखेचा शनिवार. सांगाडा आदल्या संध्याकाळी मुंबईच्या गाडीने गावात पोचला होता. दुपारी दोन वाजता इन्शाने बोटिम ॲपवर फोन लावला. इथून व्हॉट्सॲपवर निरोप जातात, बोलणं होत नाही, म्हणून फिझाच्या घरी बोटिम आधीच घालून घेतलं होतं. पडद्यावर फिझाचं अंगण दिसलं, मधोमध सांगाडा, त्याला टेकून दोन मोठी चाकं, गादी, पायटे. जमिनीवर चटई टाकून फिझा बसली होती. खैरुद्दीन बोटीची कागदपत्रं आणायला म्हसळ्याला गेला होता.

"हव्वादादी, पुढची चाकं कुठायत?" फिझाने विचारलं.

"रफिक आणून देईल. आला नाही अजून?"

"आले होते. बोल्ट देऊन गेले. म्हणाले, चाकं घरी सापडत नाहीत."

इन्शाने लगेच रफिकला बोटिमवर गाठलं. त्याचा चेहरा पडद्यावर आला तो घामाने डबडबलेला.

"खाला, माझ्याच हातून घोटाळा झाला. आल्या दिवशी मी झोपलो आणि आईने बॅग उघडली."

एवढं वाक्य पुरे होतं. आखातातून कुणी आलं की सावरखाडीत बॅग उघडणं हा घरचा सणच असतो. शेजारपाजार जमतो, बॅग ओटीवर मधोमध ठेवतात आणि आलेला कुणीही रिकाम्या हाताने जात नाही. अत्तर, चॉकलेट, टॉर्च, बाम, ज्याला जे शोभेल ते. रफिकच्या आईने आरपार पिशवीतून दोन गोंडस छोटी चाकं बाहेर काढली. वर नाव नाही, गाव नाही. तिला वाटलं, पोराने कामावरून घरच्यासाठी काहीबाही आणलंय. समोर चारुदत्त बसला होता. तो खाडीची मासळी विकतो, बर्फाची पेटी डोक्यावरून वाहतो. तिने प्रेमाने त्याला दिली. दहा दिवसांपूर्वी.

"आणि तू दहा दिवस काय करत होतास?"

"बकरा बघत होतो, खाला. मग ईद आली. मग धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले. मला वाटलं चाकं कपाटात आहेत."

"चारुदत्तला फोन लाव."

"लावला. उचलत नाहीये. कुठे धक्क्यावर आहे, कुठल्या वाडीत फिरतोय, कुणास ठाऊक."

हव्वाबीने खैरुद्दीनला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तालुक्यात रांगेत असेल, बॅटरी उतरली असेल. घड्याळात अडीच झाले होते. गावात चार. पहाटे त्याची गाडी. त्याआधी खुर्ची जुळायची, फिझा तिच्यात बसायची, दारापुढची घसरण कशी उतरायची ते बापाने स्वतः तिला आणि तिच्या आईला शिकवायचं. हातात उरले होते फार तर चार तास.

चारुदत्तला शोधायचा एकच मार्ग होता. "सावरखाडी खबर" नावाचा गावाचा ग्रुप, दोनशे चाळीस माणसं, अर्धी गावात, अर्धी आखातात. तिथे निरोप टाकला की पाच मिनिटांत वाडीवाडीला कळतं. पण चाकं हवीत म्हटलं की पहिला प्रश्न येणार, कुणासाठी? आणि चारुदत्तने तरी आपल्या पेटीची चाकं काढून का द्यावीत, हे त्याला कळायला नको?

हव्वाबी फोन हातात घेऊन बसून राहिली. आयुष्यात तिने कुणाचं नाव उघड केलं नव्हतं. त्यात खैरुद्दीनला शब्द दिलेला. आणि ही चाकं हरवली तरी कशामुळे? पिशवीवर नाव नव्हतं म्हणून. चार अक्षरं लिहिली असती तर रफिकच्या आईने ती पिशवी फिझाच्या दारात स्वतः नेऊन दिली असती. आपल्याच कायद्याने आपला घात केला, हे तिला स्वच्छ दिसलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"दादी, यू डोन्ट हॅव टू," इन्शा हळूच म्हणाली.

"यल्ला, होऊन जाऊ दे," हव्वाबी म्हणाली आणि तिने माइकचं बटण दाबलं.

"सावरखाडीकरांनो, मी हव्वाबी बोलतेय, दुबईवरून. खैरुद्दीनची फिझा परवा हायस्कूलला जाणार आहे. तिच्यासाठी आम्ही इथून चाकांची खुर्ची पाठवलीय, तुकड्या-तुकड्यांत, पाच जणांच्या बॅगांतून. तिची पुढची दोन चाकं चुकून चारुदत्तकडे गेलीत. चूक त्याची नाही, रफिकच्या आईची नाही, माझी आहे. मी नाव लिहिलं नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत ती चाकं मिळाली नाहीत तर पोरीची शाळा सुटेल. जो जिथे असेल त्याने चारुदत्तला शोधा."

तिने बटण सोडलं. निरोप गेला. एकाने ऐकला, दोघांनी, दहा जणांनी. आणि मग जे सुरू झालं ते सावरखाडीने निवडणुकीतही पाहिलेलं नव्हतं. कुणी धक्क्यावर धावलं, कुणी मोटारसायकल काढली, मशिदीसमोरचा वाणी दुकान उघडं टाकून गेला. कतारमधून एकाने विचारलं, त्याच मापाचं चाक इथून पाठवू का? कुवेतमधून दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, तू पाठवशील तोवर पोरगी दहावी होईल. बाराव्या मिनिटाला चारुदत्तचा आवाज आला, धापा टाकत.

"खाला, मी इथेच आहे, पेटीजवळ. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी डोक्यावरून वाहिली असती की. एक चाक काढतोय. दुसरं परवा धक्क्याच्या चिखलात निखळून पडलं. सुकती आहे आत्ता, पाणी उतरलंय. मी उतरतो."

तो उतरला, त्याच्यामागे आणखी सहा जण उतरले. गुडघाभर चिखलात वाकून तासभर हात फिरवले. कुणी त्याचा व्हिडिओ टाकला. इंटरनॅशनल सिटीत आजी आणि नात एका फोनला चिकटून बसल्या होत्या, बर दुबईत राहिलेले मनोरमाताईंचे यजमान दर पाच मिनिटांनी विचारत होते, सापडलं का? चिखलातून एक चप्पल निघाली, एक पितळी गळ निघाला, कुणाचा तरी जुना फोन निघाला. चाक काही निघालं नाही. भरती चढायला लागली आणि माणसं वर आली.

गावात साडेपाच वाजले. हव्वाबीने डोळे मिटले. जबानही गेली आणि खुर्चीही गेली, असं तिला वाटलं.

तेवढ्यात रफिकच्या आईने माळ्यावर चढून नातीची तीनचाकी सायकल खाली काढली. तीही कधीकाळी दुबईहूनच आलेली, गुलाबी. म्हातारीने ती रफिकपुढे आपटली आणि म्हणाली, "घाल ह्याचं चाक. मीच दिलं, मीच भरून देते." रफिकने मापं घेतली. अर्धा इंच लहान. त्याने पाइपचा तुकडा कापला, आत बसवला, वायसर घातले, गुडघ्यावर बसून फिरवून पाहिलं, परत काढलं, परत घातलं. आयुष्यभर ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचा हात त्या दिवशी पहिल्यांदा कुणी एवढ्या कौतुकाने बघत होतं. सहा वाजता खुर्ची चार चाकांवर उभी राहिली.

हव्वाबीने पडद्यावर ती पाहिली आणि तिला बरं वाटायच्या आधी वाईटच वाटलं. काळी चकचकीत खुर्ची, एक काळं चाक मासळीच्या पाण्याने पांढुरकं पडलेलं, दुसरं गुलाबी भडक. जमवलेली. कुणीही बघावं आणि ओळखावं. मुठीचा भात, ती मनात म्हणाली.

आणि त्याच क्षणी अंगणाच्या फाटकातून खैरुद्दीन आत आला.

हातात कागदांची पिशवी, अंगावर दिवसभराची धूळ. अंगणात तीस माणसं, कुणाच्या हातात पाना, कुणाचे पाय चिखलाने माखलेले. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"हे सगळे कशाला जमलेत?"

फोन धरलेल्या फिझाच्या आईचा हात हलला आणि पडद्यावर नुसती जमीन दिसायला लागली. आवाज मात्र येत होते. "खैरुद्दीन," हव्वाबी फोनमधूनच म्हणाली, "मी जबान मोडली."

तेव्हा फिझा बोलली. ती खुर्चीत बसली होती. आईने फोन सावरला आणि हव्वाबीला ती दिसली, पाठ ताठ, दोन्ही हात मोठ्या चाकांवर.

"अब्बा, बघा ना. हा सांगाडा मनोरमाआजींच्या बॅगेतून आला, त्यांनी साड्या मागे ठेवल्या त्याच्यासाठी. ही मोठी चाकं एक बापाने आणलं, एक मुलाने. गादी चिपळूणच्या काकांची. हे छोटं चारुदत्तकाकांच्या पेटीचं, त्याला अजून बोय मासळीचा वास येतो. आणि गुलाबी रफिकचाचांच्या भाचीचं. मला गुलाबीच आवडतं."

"म्हणजे सगळ्यांकडून मागून..." खैरुद्दीन म्हणाला.

"मग काय झालं?" फिझा म्हणाली. "एकाची असती तर त्याने कधीतरी परत मागितली असती. आता कोण मागणार? एकाने आपलं चाक नेलं तर बाकीच्यांची खुर्ची पडेल."

चारुदत्त पहिला हसला. मग रफिकची आई. खैरुद्दीन हसला नाही. तो पिशवी खाली ठेवून खुर्चीपुढे उकिडवा बसला, पुढचं चाक अंगठ्याने फिरवलं, मग दुसरं. बराच वेळ तो मान खाली घालून चाकच फिरवत होता आणि लोक दुसरीकडे बघत होते.

"रफिक," तो शेवटी म्हणाला, "हा नट सैल आहे. पाना दे." नट आवळून झाल्यावर त्याने बायकोच्या हातातला फोन घेतला. डोळे लाल होते. "मोडलीत जबान, खाला. पुढच्या वेळी जरा आधी मोडा. उगाच माणसं चिखलात उतरली."

त्या संध्याकाळी घसरणीवर बाप मुलीला खुर्ची उतरवायला शिकवत होता आणि वर-खाली माणसांची रांग उभी होती. हव्वाबीने फोन चार्जरला लावून ते सगळं शेवटपर्यंत बघितलं. खुर्ची पहिल्या वेळी तिरकी गेली, दुसऱ्या वेळी सरळ आणि तिसऱ्या वेळी फिझाने बापाचा हात बाजूला सारला.

सोमवारी दुपारी इन्शाच्या फोनवर फोटो आला. हायस्कूलच्या फाटकात फिझा, मागे खुर्ची ढकलायला पाच मुली, कुणी ढकलायचं यावरून त्यांची चाललेली ओढाताण फोटोतही दिसत होती. खाली फिझाने बोललेला निरोप होता. "हव्वादादी, वर्गात सगळ्यांनी विचारलं, हे चाक गुलाबी का? मी सगळ्यांची नावं सांगितली. पाच बॅगा, एक पेटी, एक सायकल. तुमचं नाव पहिलं सांगितलं."

हव्वाबीने तो निरोप तीनदा ऐकला. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर दोन भांडी होती, एकात रात्रीचा बासमती, दुसऱ्यात सकाळचा उकडा. तिने एक पातेलं काढलं, दोन्ही भात त्यात उपडे केले, पाण्याचा हबका मारून गरम केले आणि ताट घेऊन टेबलाशी बसली.

इन्शा दारात थबकली. "दादी? तू मिक्स केलास?"

"बस," हव्वाबी म्हणाली. "तुलाही वाढते."

मऊ आणि टणक दाणे एकत्र दाताखाली येत होते. ती सावकाश चावत होती. अर्ध्यावर आल्यावर तिने पातेलं जवळ ओढलं आणि आणखी थोडा वाढून घेतला.